आईनं मोठा केलेला चौकोन

मंडळी, आज दुपारी सिंदी मेघे गावातल्या आमच्या अंगणात जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मुलीनं, रमानं, खडूनं जमिनीवर तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं, आयुष्य रेखाटलं. वर्षाला एक चौकोन, असे शंभर. जगलेले चौकोन रंगवले. शेवटी कोरे थोडेच उरले. ते मोजायचं मी टाळलं.

आई मात्र खुर्चीतून उठली. "हे चुकलं पोरी. सारे चौकोन सारखेच काऊन?"

"आजी, वर्षं सारखीच असतात ना!"

"नाई वं. दे तो खडू."

ती छप्पन्न सालच्या चौकोनापाशी बसली. त्या साली ती लहान होती, वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेली होती.

"जिकडे पाहा तिकडे पांढरे कपडे घातलेले माणसं! घरी आल्यावर माह्या बापानं मले शाळेत टाकलं. मोहल्ल्यातून शाळेत जाणारी मी पयली पोरगी."

तिनं तो चौकोन इतका मोठा केला की शेजारची कितीतरी वर्षं त्यात गडप झाली. नोकरीची वर्षं मात्र तळहातानं झाकली. "हे कवा गेले, समजलंच नाई."

मी भीतभीत कोऱ्या चौकोनांकडे बोट केलं.

"त्याइले आपणच मोठं करा लागते," आई हसली. "उद्या मले गिरडच्या टेकडीवर नेजो."

सकाळी निघतोय. टेकडी चढताना हात कोणी धरायचा नाही, असं तिनं आत्ताच बजावलंय.

तुमच्या कोणत्या दिवसाला सगळ्यात मोठा चौकोन लागेल?