होल्डवर ठेवलेला संगणक

"होल्डवर ठेवा, शेठ," असं म्हणून ते खिशातून पिवळं लेबल काढायचे आणि माझ्या दुकानातल्या नव्याकोऱ्या संगणकाला दोऱ्याने बांधायचे. चाकणच्या एका कंपनीत ते तयार माल तपासायला होते. तिथे हिरवं लेबल म्हणजे पास, लाल म्हणजे बाद आणि शंका असली की पिवळं. यांना शंका कायमच असायची.

निगडीतल्या माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांची मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होती. "माझा जन्म उभ्यानं गेला. पोरीनं डिझाइनला बसून काम करावं," म्हणाले. त्यासाठी घरी संगणक हवा होता आणि तो तिघांनाही चालायला हवा होता. मुलीला ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, शिवणकाम करणाऱ्या बायकोला ब्लाऊजच्या गळ्यांची डिझाइनं आणि यांना स्वतःला मोठी अक्षरं.

मी एक दाखवला. आजही सांगतो, तोच त्या घराला योग्य होता. त्यांनी कॅबिनेटच्या फटीत स्टीलची पट्टी सरकवली, पंख्याला कान लावला, पडद्याचे चारही कोपरे चाचपले. "पंखा जरा आवाज करायलाय. होल्ड."

मग दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, ते यायचे. कधी कीबोर्डची अक्षरं बारीक, कधी वायर आखूड. मी चिडवायचो, "अहो, बायको बघायला गेलात तेव्हाही पट्टी नेली होती का?"

"ते वडलांनी पास केलं होतं. आपली जबाबदारी नव्हती," म्हणायचे आणि खळखळून हसायचे.

त्यांनी पास केलेला माल एकदा परत आला होता आणि सगळ्यांसमोर त्यांना बोलणी खावी लागली होती. "एकदा पास म्हटलं की जबाबदारी आपली," हे वाक्य तेव्हापासूनचं.

खरं सांगायचं तर मला त्यांचं येणं आवडायचं. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. "थांबा, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय," असं मीच सांगायचो. हाच घेऊन जा, पोरीचा हात बसू दे, एवढं मात्र कधी म्हणालो नाही. त्याची टोचणी अजून आहे.

तीन वर्षं अशीच गेली. एका गुरुवारी आले ते कशालाही हात न लावता स्टुलावर बसले. मुलीला एका डिझाइन ऑफिसात मुलाखतीला बोलावलं होतं. संगणकापुढे बसवून ड्रॉइंग काढायला सांगितलं.

"समदं येतंय हो तिला. पण हात बसला नव्हता. कॉलेजात चौघींत एक मशीन. वेळ संपली." मग म्हणाले, "लाइनवर लागली. माझ्याच कंपनीत."

तो पहिला संगणक अजून दुकानात पडून होता. मी तोच पुढे केला. अजून उशीर झालेला नाही, म्हणालो.

"आठ तास उभी राहून येती, जेवती अन् झोपती. याच्यापुढं बसणार कोण?"

लेबल मात्र त्यांनी सोडलं नाही. गाठ तेवढी घट्ट केली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. कंपनीतलं त्यांचं कंत्राट संपल्यावर नवरा-बायको परभणीकडे गावी गेल्याचं कुणीतरी सांगितलं.

परवा कंपनीच्या बसथांब्यावर त्यांची मुलगी भेटली. निळा शर्ट, पायात जड बूट. एकदा वडिलांबरोबर दुकानात आली होती, तिनेच मला ओळखलं.

"काका, पप्पा फोनवर नेहमी विचारतात. तो कॉम्प्युटर अजून होल्डवर आहे का?"

तो मी कधीच विकला होता.

"आहे," मी म्हणालो. "लेबलसुद्धा तसंच आहे म्हणावं."

"सांगते," म्हणाली आणि बसकडे धावली.