भाईंच्या निरोपाला मी बोलले

विचारलंच आहे तर सांगते, पण हसलात तर चहा परत घेईन. भाषणाची भीती जाते का? जाते. माझी गेली. आणि ती गेली नसती तर फार बरं झालं असतं.

मी राळेगावजवळच्या एका शाळेत क्लार्क. चार माणसांसमोर उभं केलं की माझे पाय लटपटायचे. एकदा स्नेहसंमेलनात आभार मानायला उठवलं, तर "मी आभार मानते" एवढं बोलून खाली बसले. कोणाचे, ते सांगायचंच राहिलं.

माझ्यासारखे दुसरे भित्रे म्हणजे आमचे शकीलभाई, प्रयोगशाळेतले परिचर. कुठलाही कार्यक्रम असो, आम्ही दोघं शेवटच्या रांगेत, दाराजवळ. कोणी माईक घेऊन इकडे आलं तर पळता यावं म्हणून.

भाई रिटायर होणार होते. एक दिवस म्हणाले, "ताई, यावेळी मले बोलाच लागते. नसीम येऊन राह्यली."

नसीमभाभी म्हणजे त्यांची बायको. भाई इथे खोली करून राहायचे आणि शनिवारी एसटीने उमरखेडला घरी जायचे. तिकडे पोरं, सासू-सासरे, दुखणीखुपणी, सगळं भाभींनी एकटीने निभावलं. त्याबद्दल भाईंना एकदा काहीतरी बोलायचं होतं.

"मग घरीच बोला की," मी म्हटलं.

"घरी बोललो तं म्हनते, काय पाहिजे थे सांगा. चार लोकाईसमोर बोललो तं तिले खरं वाटन."

झालं. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत आमचा सराव सुरू झाला. ऐकायला कोण, तर कोपऱ्यातला सांगाडा. भाई म्हणायचे, "याच्यासमोर बोला ताई, हा हासत नाही." त्यांचं भाषण चार वाक्यांचं. "मी इथं नोकरी केली, नसीमनं तिथं घर केलं," इथपर्यंत आले की ते थांबून टेबल पुसायला लागायचे आणि मी उगाच खिडकीबाहेर बघायचे.

मला त्यांनी एक युक्ती दिली. "मानसाईकडं पाहूच नका. हॉलच्या मागच्या भिंतीवर खिळा हाय, त्याच्याकडं पाहून बोला."

निरोपाच्या दिवशी भाभी पहिल्या रांगेत, भाईंच्या शेजारी बसल्या होत्या. आधी हेडमास्तर, मग मी, आणि शेवटी सत्काराला उत्तर द्यायला भाई, असं ठरलं होतं. भाई-भाभींना साडेपाचची यवतमाळची एसटी धरायची होती. ती चुकली की पुढे उमरखेडची गाडी मिळत नाही.

मी उठले. खिळा शोधला. पहिलं वाक्य निघालं, दुसरं निघालं, आणि काय सांगू, आवाज माझाच आहे यावर माझा विश्वास बसेना! भाईंच्या नोकरीवरून मी विज्ञानावर गेले, विज्ञानावरून माहेरी मुकुटबनला, आणि मुकुटबनहून माझ्या पहिलीच्या बाईंपर्यंत. टाळ्या पडल्या. मी आणखी रंगले. पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात.

आता भाषणाच्या मध्येच टाळ्या वाजल्या म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. लोक म्हणत असतात, बसा आता. मला काय हे माहीत नव्हतं? मागच्या रांगेतून अशा टाळ्या मी स्वतः कमी वाजवल्या नाहीत. पण आपल्यासाठी वाजल्या की त्या वेगळ्याच ऐकू येतात हो.

पुढून कोणीतरी तर थांबतच नव्हतं. म्हटलं, या माणसाला फारच आवडलेलं दिसतंय. त्याच्यासाठी मी एक आठवण जास्तीची सांगितली.

मी बसले तेव्हा हेडमास्तर शाल घेऊन अक्षरशः धावले. भाईंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि दारातून ऑटोवाल्याने हाक दिली, "भाई, चला, गाडी लागली." भाई माईकपर्यंत आले होते. त्यांनी माईककडे पाहिलं, भाभींकडे पाहिलं, हात जोडले आणि निघाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी स्कूटी काढून स्टँडवर गेले. भाभी बसच्या खिडकीशी, पलीकडे भाई.

"भाई, तुमचं बोलायचं राहिलं. मला थांबवायचं तरी."

"थांबवलं ना ताई," भाई शांतपणे म्हणाले. "पहिल्या रांगेत सगळ्यात जोरात टाळ्या कोन वाजवून राह्यलं होतं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात भाभींनी खिडकीतून माझा हात धरला. "कितना अच्छा बोले आप. हमारे इनको तो दो लफ्ज भी नहीं आते."

भाई खाली मान घालून नारळाकडे बघत राहिले.

त्यांची ती चारही वाक्यं मला तोंडपाठ होती. निदान तिथे तरी सांगून टाकायची. समोर ऐकायला एकटी बाई होती. मी तोंड उघडलं, पाय लटपटले, आणि एक शब्द निघायच्या आत कंडक्टरने डबल बेल दिली.