अण्णांची कोयरी

अण्णा शांतपणे गेले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे.

आज वर्ष झालं. आता सहन होत नाही म्हणून लिहितेय.

अण्णा माझे सासरे. एसटीत कंडक्टर. श्रीरामपूर, शेवगाव, जिथे ड्युटी लागेल तिथल्या मोडीच्या दुकानातून जुनं पितळ उचलून आणायचे. सावेडीतल्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये शोकेसभर दिवे, डबे, अत्तरदाण्या.

मी वैतागायचे. "अण्णा, हे घर आहे की भंगारचं गोडाऊन?"

"पोरी, लांबून नको बगू. हात लावून बग."

सगळ्यात लाडकी होती कोयरी. हळदीकुंकवाची, झाकणावर मोर. पिसं इतकी बारीक कोरलेली की नखाला लागायची. मोराची मान मात्र एका बाजूनं झिजलेली.

"कुन्या बायांनी रोज अंगठ्यानं उघडली आसंल. घडवनाऱ्यानं निम्मा मोर घडवला, निम्मा त्यांनी."

मला त्यात फक्त काळपटपणा दिसायचा.

अण्णा ॲडमिट झाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझी कोयरी आन. हातात धरायचीय."

मला वाटलं, हॉस्पिटलमध्ये पाहुणे येतात, इतकी काळी कशी न्यायची? अण्णाही खूश होतील. भांड्यांच्या दुकानात देऊन मशीनवर पॉलिश करून आणली. लखलखत होती नुसती.

कौतुकानं त्यांच्या हातात दिली.

त्यांनी अंगठा फिरवला. परत फिरवला.

पिसं नव्हती. मशीननं सगळी घासून नेली होती. मान चारी बाजूंनी सारखी गुळगुळीत.

"ही कुनाची? आपली आन ना, पोरी."

आणि मी म्हणाले, "हो अण्णा, ती घरीच राहिली. उद्या आणते."

एक खरं वाक्य बोलायची हिंमत झाली नाही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून नगरचा सगळा बाजार पालथा घातला. तशीच एखादी मिळेल म्हणून. दुकानदारांना हात जोडले. रडले. शुद्ध वेडेपणा, पण दुसरं काही सुचतच नव्हतं.

रिकाम्या हातानं वॉर्डात गेले.

"गावली का?"

"शोधतेय, अण्णा."

"हरवली म्हन की."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी गेले.

घरात हे कुणालाच माहीत नाही. यांनासुद्धा आत्ता इथेच कळेल.

अण्णा, हरवली नव्हती हो. तुमच्या हातात होती ना, ती आपलीच होती.

माफ नाही केलंत तरी चालेल. पण एवढं ऐकून मग जा.