आप्पांची वाचा आणि माझा भरलेला लॅपटॉप

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आईनं दाराला लिंबू-मिरच्या बांधल्या की मिरच्या सोडवून मी फोडणीत टाकायचे. तुमचे इथले अनुभवही मी ऑफिसात डबा खाताना करमणूक म्हणून वाचते... राग नसावा. बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कास्टिंगची ड्रॉइंग करते. ज्याला माप नाही ते नाहीच, असं मानणारी बाई आहे मी. तरी जे झालं ते लिहिते.

माझे वडील, आप्पा, कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे. निपाणीपासून बेळगावपर्यंत कुठंही मैदान भरलं की माईक त्यांच्याच हातात. मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवायचे आणि दोन्हीकडच्या टाळ्या घ्यायचे. त्यांचा एक कडक नियम होता — पैलवानाचं नाव घेतलं की त्याचं गाव, तालीम आणि शेवटी वस्तादाचं नाव घ्यायचंच. "पोरगं काय आभाळातनं पडलंय व्हय? ज्यानं घडवलं त्याचं नाव नको?" असं म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय सावरले, पण वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून शब्द फुटायचा नाही. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम व्हिडिओ कॉलवर धडे घेणार होत्या. सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, नंतर फार अवघड जातं, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून संकेश्वरजवळच्या आमच्या गावाहून आप्पांना आणि आईला मी बेळगावला आणलं आणि आप्पांच्या कॉटशेजारी स्टुलावर माझा लॅपटॉप मांडला.

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप आजारी पडला. धडा रंगात आला की कॉल अडकायचा, स्क्रीनवर सूचना — जागा संपली. बघितलं तर माझ्या फाइली चिमूटभर, आणि 'सिस्टम'च्या नावाखाली नुसता डोंगर. टेम्पररी फाइल्स, जुने अपडेट, रिस्टोअर पॉइंट... सगळं उडवलं. लपलेले फोल्डर उघडून बघितले, एवढं मोठं काही सापडेना. खडेबाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं तर सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकून दिलं. स्टुलावर ठेवल्यावर काही दिवसांत पुन्हा तेच. ऑफिसात दिवसभर चालू ठेवला तर आकडा जागचा हलायचा नाही, घरी आला की फुगायचा. माझं डोकं नुसतं भणभणायचं. मॅडमचे धडे बुडत होते, महिने चालले होते.

आई म्हणाली, "तुझा कॉम्प्युटर आन् तुझा बाप, दोघांच्याबी पोटात कायतरी अडकलंय बघ." मी तिच्यावर खेकसले.

मग एका रविवारी सकाळी मी उरलंसुरलं काढायला बसले. विंडोज नव्यानं टाकल्यावर चुलतभावानं गावच्या मैदानाचा भलामोठा व्हिडिओ दिला होता. आप्पा तो लावला की भिंतीकडे तोंड करायचे, म्हणून कधी पुरता बघितलाच नव्हता. उडवण्याआधी एकदा लावला. हलगी वाजत होती. नवा निवेदक घाईत होता. पैलवानाचं नाव घेतलं, गाव घेतलं, तालीम घेतली आणि थेट कुस्ती लावून मोकळा झाला.

मागं कॉट करकरली. आप्पा उठून बसले होते, चेहरा लालबुंद, ओठ थरथरत होते. दुसरा झटका आला असं वाटून मी डॉक्टरांना लावायला फोन उचलला.

"व... वस्ताद," आप्पा म्हणाले. मग एक मोठा श्वास घेऊन, "वस्तादाचं नाव घे की, गाढवा!"

आई उलथनं घेऊन धावत आली. "मला म्हंतासा व्हय गाढव?" असं म्हणत हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. मीही रडले, सांगायला कसली लाज.

डोळे पुसून व्हिडिओ थांबवायला गेले, तर स्क्रीनवर 'सिस्टम'चा डोंगर चांगलाच खचला होता. मी अजून काहीही डिलीट केलेलं नव्हतं.

त्यानंतर रोज धड्याआधी तोच व्हिडिओ. आप्पा त्या बिचाऱ्या निवेदकाला मनसोक्त झापायचे, रोज एखादा नवा शब्द सुटायचा, आणि रोज थोडी जागा मोकळी व्हायची. मधे त्यांना ताप आला, ते गप्प पडून होते... तेवढे दिवस आकडा तसाच. ऑफिसातले लोक म्हणतात कॅशे असेल, अपडेट असेल. असेल बाबा. पण अपडेटला आप्पांचा ताप कसा कळला?

यंदा गावच्या मैदानात त्यांना एका कुस्तीपुरता माईक दिला. आप्पांनी नाव घेतलं, गाव घेतलं, तालीम घेतली आणि अडकले. हलगीवाल्यानं हात थांबवला.  आणि मग आलं वस्तादाचं नाव, स्वच्छ, आणि पुढचं वाक्य थेट कन्नडमध्ये. टाळ्या थांबेनात. आई म्हणाली, "झालं, आता ह्ये काय गप बसायचं न्हाईत."

परवा दुरुस्तीवाला म्हणाला, सिस्टममध्ये अजून थोडं जास्तीचं दिसतंय, काढून टाकू का? मी नको म्हटलं. हे सगळं काय होतं, मला आजही सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलेलं पटतही नाही. पण आप्पांना माझं नाव अजून म्हणता येत नाही. जोडाक्षरापाशी अडकतात, मग नुसतं "पोरी" म्हणतात. ते तेवढं त्या उरलेल्या जागेत असलं तर?