आठजणांची बोट

आमच्या शेजारच्या सुनयनावहिनी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये राहतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही आणि त्यावाचून त्यांचं अडतही नाही. मालवणात पर्यटकांना बोटीतून फिरवणाऱ्या इंद्रजितना घरबसल्या बुकिंग सांभाळणारं माणूस हवं होतं. परीक्षा म्हणून त्यांनी वहिनींना नोएडाचं एक गिऱ्हाईक फोनवर जोडून दिलं आणि स्वतः ऐकत बसले. बोट आठजणांची, माणसं दहा.

“बच्चे गोदी में बैठेंगे. अ‍ॅडजस्ट कर लो!” गिऱ्हाईक ओरडलं.

“गोदी बस में चलती है. समंदर में हर बच्चे की अपनी सीट.”

त्यानं फोन आपटला.

“घालवलंत गिऱ्हाईक!” इंद्रजित हळहळले.

“दहा मिनिटं थांबा.”

सातव्या मिनिटाला मेसेज आला: दो बोट कर दो.

“वहिनी, कामावर कधी येताय?”

“आलेय. दुसरी बोट धुऊन ठेवा.”