भरती की जुवाळ

मावशीच्या विहिरीचं पाणी खारट व्हायला लागल्यापासून मला स्वस्थ बसवत नव्हतं. मावशी भरूचजवळ नर्मदेच्या काठी राहते, गुजराती घरात दिलेली. पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात नदी इतकी रोडावते की समुद्राची भरती पार गावापर्यंत चढते. त्यात गावाबाहेर लिग्नाइट कोळशाची खाण येणार होती. खाण कोरडी ठेवायला जमिनीखालचं पाणी उपसत राहावं लागतं, आणि मग तिथे खारं पाणी शिरू शकतं, एवढं मला कॉलेजात कळलं होतं. खाणीच्या जनसुनावणीत हे कुणीतरी बोलायला हवं होतं. मावशी म्हणाली, "कॉलेजात तू जातेस ना? मग तूच बोल."

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असं सगळ्यांना वाटतं. बडोद्यात, वाडीतल्या आमच्या खोलीत येरझाऱ्या घालत मी गुजरातीत भाषण पाठ करत होते. बाबा रिफायनरीत फिटर आहेत. जेवता जेवता म्हणाले, "जमिनीतून तेल निघतं म्हणून तुझी फी भरली जाते, बाईसाहेब." मग म्हणाले, "सावकाश बोल. घाईत तुझं गुजराती मराठी होतं."

सुनावणीच्या मंडपात पुढच्या रांगा गावातल्या तरुणांनी भरल्या होत्या. माझी पाळी आली. यंदा भरती जास्त आलीय, हे पहिलं वाक्य मी म्हटलं, "आ वर्षे भरती वधारे आवी छे."

टाळ्या पडल्या. मला वाटलं, जमतंय. अजून वाढणार, तेही सांगितलं. "अने हजु वधशे!"

शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "बेन, केटली जग्या?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मुलं खाणीत नोकऱ्या किती निघणार, ते ऐकायला आली होती. त्यांच्यासाठी भरती म्हणजे नोकरभरती. पाठ केलेलं पुढचं सगळं माझ्या डोक्यातून उडालं.

बायकांतून मावशी उठली. "अगं, जुवाळ बोल, जुवाळ! इथे दरियाचं पाणी चढलं की जुवाळ म्हणतात."

"काकी, भाणीने घरेथी शीखवीने लाववी हती ने!" भाचीला घरूनच शिकवून आणायची होती, असं मागून एकजण म्हणाला. सगळा मंडप हसला.

हसणं थांबेपर्यंत मी उभी राहिले. मग मोडक्या गुजरातीत एवढंच म्हणाले, की खाण गोडं पाणी खेचेल आणि जुवाळ आपल्या विहिरीत येईल. पुढच्या रांगेतला एक मुलगा, चेष्टा न करता, आपल्या विहिरीबद्दल म्हणाला, "अमारा कुवामां तो आवी ज गयो." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

बसस्टॉपवर तोच मुलगा आमच्या मागे आला. "बेन, खाण नहीं आवे तो भरती क्यां थशे?"

या वेळी मला शब्द बरोबर कळला. मावशी म्हणाली, "आधी प्यायला पाणी तर राहू दे, दीकरा."

"पाणी पीने बेसी रहुं, काकी?"

बस आली.

निर्णय अजून आलेला नाही. वर्गात लक्ष लागत नाही. मावशीला फोन करून पाणी कसं आहे विचारते, आणि विचारताना भीती वाटते. आज म्हणाली, "विहिरीच्या पाण्यात डाळ शिजतच नाही गं. बाहेरून घागर आणते."