अकरा सुकाणूंची चोरी

ती तक्रार आठवली की आजही हसू येतं. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचे दिवस. कफ परेडची मच्छीमार वस्ती ज्या ठाण्याच्या हद्दीत होती, तिथे मी नवा फौजदार होतो. एका शनिवारी सकाळी केंद्राच्या वेधशाळेतून फोन आला, की उद्या वादळ आहे, होड्या समुद्रात जाऊ देऊ नका. मी स्वतः वस्तीत जाऊन सांगितलं. आभाळ स्वच्छ होतं. तिथला तरणा नाखवा म्हणाला, वेधशाळा दिल्लीचीच ना? जी दिल्ली आम्हाला मुंबई देत नाही, तिचं आम्ही कशाला ऐकायचं? बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हात हलवत परत आलो.

दुपारी तोच नाखवा तणतणत ठाण्यात हजर. अकरा होड्यांची सुकाणू चोरीला गेली होती आणि संध्याकाळी निघायचं होतं. फिर्याद लिहून घेतली, पंच घेऊन वस्तीत गेलो. बायकांना विचारलं तर सगळ्या गप्प. कोळणी आणि गप्प! मला तिथेच संशय यायला हवा होता. शेवटी चहावाला कानाला लागला, की साहेब, एवढ्या उन्हात वाळवण कुणी झाकून ठेवतं का? ताडपत्री उचलली. सुक्या बोंबलांखाली अकराच्या अकरा सुकाणू.

चौकशीत पुढे आली ती नाखव्याचीच आई. आधी विस्कटलेल्या बोंबलांचे बाजारभाव मला ऐकवले, मग पदर खोचून म्हणाली, "मीच चोरली. मुंबय आज नाय त उद्या मिलंल, सायेब. माजा पोर बुडाला त मना कोन देल?"

नाखवा सुकाणू मागत समोर उभा. तेव्हा मला कायदा आठवला.

"हा मुद्देमाल आहे," मी म्हणालो. "कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळत नाही. उद्या रविवार. सोमवारी या."

नाखव्याने पाय आपटले. म्हातारी गालातल्या गालात हसली.

रविवारी वाऱ्याने ठाण्याची कौलं उडवली. होड्या किनाऱ्यावर बांधलेल्या होत्या, माणसं घरात होती. एकही जीव गेला नाही. सोमवारी नाखवा आला, खाली मान घालून म्हणाला, तक्रार नाही. सुकाणू परत मिळाल्यावर पहिल्या फेरीतली भली मोठी सुरमई घेऊन आला, वेधशाळेच्या साहेबांसाठी. ती मीच पोचवली.

तिथले वयस्क बाबू सुरमईकडे बघतच राहिले. म्हणाले, "इशारा दिला की आमचं काम संपतं. पुढे कोण वाचलं, ते कधी कळतच नाही. आज कळलं."

आरोपी सुटल्याचा एवढा आनंद मला नोकरीत पुन्हा झाला नाही. आणि त्यानंतर वादळाचा इशारा आला, की मी नाखव्यांकडे जायच्या आधी त्यांच्या आयांकडे जात असे.